सरोवराला बाहेरची वाट नाही

मेहकर, 8 डिसेंबर

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही तिघं ती घरासारखी गाडी भाड्याने घेऊन लोणारला येताय, हे वाचून फार आनंद झाला. ओटा, गाद्या, मोरी, संडास, सगळं चाकांवर! राज्य सरकारने 2021 मध्ये अशा कॅरव्हॅनसाठी पर्यटन धोरण आणलं, पण आपल्याकडे ही रीत जुनीच. शिधा आणि अंथरूण-पांघरूण बैलगाडीत घालून लोक यात्रेला निघायचे, झाडाखाली गाडी सोडायचे आणि तीन दगडांची चूल मांडायचे.

जालन्याकडून येताना सिंदखेडराजा लागेल. 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊ जन्मल्या तो लखुजीराव जाधवांचा वाडा छोटीला दाखवा. मग लोणारला या. गाडी गावात, विचारून आणि परवानगी घेऊन लावा. सरोवराच्या काठावर मुक्काम नको. 2000 सालापासून ते अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळ, म्हणजे जगाने जपायची पाणथळ जागा.

पहिल्या संध्याकाळी गावातच पायी फिरा. दैत्यसूदनाचं मंदिर वस्तीच्या मधोमध आहे. बाहेरच्या भिंतीला इतके कोन आहेत, की प्रदक्षिणा घालताना दर दोन पावलांवर नवी मूर्ती समोर येते. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ. आत अंधार असतो, म्हणून विजेरी न्या आणि छताकडे मान वर करून नीट बघा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच धारेवर जा. गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारमाही पडते, लोक तिथे स्नान करतात. तिथून कडेकडेने चालताना काळ्या दगडाचे थर न्याहाळा. एरवी आपल्या भागात ते आडवे, सपाट असतात. इथे ते उचलले जाऊन बाहेरच्या अंगाला कललेले आहेत. आकाशातून आलेल्या दगडाने केलेला हा घाव आहे. पूर्वी अनेकांना हे ज्वालामुखीचं मुख वाटायचं, पण प्रचंड आघाताच्या दाबाशिवाय तयार न होणारी काच इथल्या खडकात सापडली आणि वाद मिटला. बसाल्टमध्ये झालेलं असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळाचे अभ्यासकही लोणारला येतात. विवर जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आहे.

मग खाली उतरा. साग, सीताफळ, बाभळी, मधूनच मोरांची हाक. काठाशी पोचलात की उग्र वास येईल आणि मातीवर पांढरा क्षार दिसेल. छोटीसाठी कागदाच्या दोन पट्ट्यांना हळद चोळून आणा. एकीवर धारेच्या पाण्याचा थेंब घाला, ती पिवळीच राहील. दुसरीवर सरोवराचा थेंब पडला की हळदीचं कुंकू होईल. भूगोल शिकवताना मी फळ्यावर कितीही लिहिलं तरी मुलांना जे उमगायचं नाही, ते त्या एका थेंबाने कळायचं.

हे पाणी असं का झालं, ते तिला जरूर सांग. पाऊस आणि झरे चहूकडून आत येतात, पण विवरातून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. पूर्वी इथला सोडा काढून विकायचे. जून 2020 मध्ये पाणी कमी होऊन खारेपणा वाढला, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे अख्खं सरोवर गुलाबी झालं होतं.

आता मुद्द्याचं. जिथून पाणी बाहेर जात नाही, तिथून साबणही जात नाही, प्लास्टिकही नाही. वस्तीचं सांडपाणी सरोवरात उतरतं ही जुनी तक्रार आहे आणि ती न्यायालयापर्यंत गेली आहे. तुमच्या गाडीत मोरीच्या आणि संडासाच्या पाण्याची टाकी असेल. ती विवराच्या उताराकडे, नाल्यात किंवा रस्त्याच्या कडेला सोडू नकोस. शहरात जिथे रीतसर सोय असेल तिथेच रिकामी कर, आणि गाडी घेतानाच ती जागा कोणती ते विचारून ठेव. धारेवर साबण लावू नका. खाली नेलेला प्रत्येक कागद पिशवीतून वर आणा.

लोणार पाहून भारावलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत, त्याची काळजी वाहणारे फार थोडे. आपलं घर सोबत घेऊन हिंडणाऱ्याला हे सर्वांत सोपं आहे. आपलं सगळं तो आपल्यासोबत परत नेऊ शकतो. छोटीने हे तुमच्याकडे बघून शिकावं, असं मला मनापासून वाटतं.

परतताना मेहकरला माझ्याकडे उतरा. ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत करून ठेवते. बालाजीची सुंदर मूर्तीही पाहून होईल. सूनबाईला आशीर्वाद, छोटीला गोड पापा.

तुझी,
मावशी