आरएनएची घडी

आरएनएचा धागा सरळ राहत नाही. स्वतःवरच दुमडतो आणि त्याचं बरंचसं काम त्या घडीवर ठरतं.

आपल्या पुण्यात आयसरमध्ये डॉ. जितेंदर चुघ यांचा गट एनएमआरने हे अभ्यासतो. तत्त्व एमआरआयचंच. रेणू पाण्यात विरघळवून चुंबकात ठेवायचा, रेडिओलहरी सोडून अणुकेंद्रांचं उत्तर टिपायचं. गंमत बघा, 'जी' आणि 'यू' या अक्षरांवरचा एक हायड्रोजन एरवी पाण्याशी अदलाबदल होऊन हरवतो. जोडीदाराला धरून असला तरच त्याची खूण उमटते. त्यावरून घडी उलगडत जाते.

२०२१ मध्ये काका करोनाने गेले. त्या विषाणूची जनुकंही आरएनएवरच, सुमारे ३०,००० अक्षरांत लिहिलेली. अशा घडीत औषध बसवायचं तर तिचं सततचं हलणंही कळायला हवं. एक फोटो पुरत नाही.

काकूला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे वेळ लागणार."

हो, लागणारच.