डकोटा : एका शब्दाचा अर्थापकर्ष

आमच्या सातारा-सांगलीकडे मोडकळीला आलेल्या एसटीला 'डकोटा' म्हणतात. अर्थापकर्षाची उदाहरणे शोधताना हा शब्द आम्हांला हमखास आठवतो. तो ज्या विमानावरून आला असावा, त्याचा इतिहास मात्र टिंगलीचा नाही.

डग्लस कंपनीच्या डीसी-३ या प्रवासी विमानाने १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिले उड्डाण केले. दुसऱ्या महायुद्धात त्याचे लष्करी मालवाहू रूप सिद्ध झाले. ब्रिटिशांनी त्याला 'डकोटा' हे नाव दिले. अशी दहा हजारांवर विमाने तयार झाली. शिधा, दारूगोळा आणि माणसे नेणे, जखमींना परत आणणे, हे त्यांचे काम.

मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळवर चालून आले. सांगशाक येथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. विमानांतून टाकलेले बरेचसे साहित्य शत्रूच्या हाती पडले. पाणी संपत आले, आणि २६ मार्चच्या रात्री ठाणे सोडावे लागले. तरी तेथे जपान्यांचे जे दिवस मोडले, ते इंफाळच्या बचावाला लाभले. पुढे २२ जूनला कोहिमाकडचा रस्ता मोकळा होईपर्यंत इंफाळ विमानांनी आणलेल्या रसदीवर तगले.

'रसद' हा शब्द बखरींच्या वाचकाला परका नाही. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि उपाशी फौज पानिपतावर रणात उतरली. एवढी किंमत मोजूनही आमचे पोवाडे तलवारीभोवतीच घुटमळले. धान्य पोहोचवणाऱ्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही. वाङ्मयाने ज्याची दखल घेतली नाही, त्याची बोलीने थट्टा केली, असे आम्हांस वाटते.

स्वातंत्र्यानंतरही डकोटाचे काम संपले नाही. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान डकोटांतूनच श्रीनगरला उतरले. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलवर झेपावलेली २ पॅरा ही मूळची मराठा पलटण. त्या मोहिमेतील विमानांतही डकोटा होते.

आमच्या घरातील एक वृद्ध फौजी हा शब्द थट्टेने उच्चारू देत नसत. "त्यानं आम्हांला जेवू घातलंय," एवढेच म्हणत. कोशात 'डकोटा'चा अर्थ देताना 'मोडके वाहन' ही नोंद खुशाल असावी. पण तिच्या आधी हा पहिला अर्थ लिहिला जावा.