लाल दिसतं ते सगळं कुंकू नसतं

तुमच्या देवघरातल्या लाल डब्या एकदा उघडून बघा. एकीत कुंकू, एकीत शेंदूर, कोपऱ्यात कदाचित गेरूची पुडी. आता नुसत्या रंगावरून ओळखा बघू कुठलं काय! सोपं नाही.

वाराणसीच्या बालाजी घाटावर तर ते आणखी अवघड. बिस्मिल्ला खाँ ज्या बालाजी मंदिरात सनईचा रियाज करायचे, तोच हा घाट. पेशवाईपासून मराठी माणसं या भागात राहत आली. माझ्या आजीचं घरही इथल्याच एका गल्लीत आहे. घरात मराठी, दुकानात हिंदी. तिथे बहुतेक लाल पुड्यांना एकच नाव, सिंदूर. इंग्रजीत बीए केलं, तर तिथेही 'व्हर्मिलियन' म्हणून सगळं उरकतात.

मराठीत मात्र चार शब्द आहेत आणि पदार्थही चार. कुंकू पूर्वापार हळदीला चुन्यासारख्या क्षाराची जोड देऊन करतात. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हिंगूळ पारा आणि गंधकाचा. गेरूचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा.

हा फरक आमच्या घरात अचानक महत्त्वाचा झाला. आजी दर शनिवारी मारुतीला शेंदूर वाहते आणि तेच बोट वहिनीच्या दहा महिन्यांच्या लेकीच्या कपाळाला लावते. या वयात हात आधी कपाळाला, मग थेट तोंडात!

वहिनी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने चिमूटभर शेंदूर प्रयोगशाळेत नेला. मीही गेले. तिने आमची पूड, हिंगूळ आणि गेरू तीन परीक्षानळ्यांत घेतले आणि प्रत्येकीत विरल नायट्रिक आम्ल घातलं. हिंगूळ लालच राहिला, गेरूतही फारसा बदल नाही. आमची पूड मात्र बघता बघता तपकिरी झाली. वरचं पाणी गाळून त्यात पोटॅशियम आयोडाइड टाकताच पिवळाधमक साका तयार झाला. तो गरम पाण्यात विरघळला आणि थंड होताना सोनेरी चकाकत्या पापुद्र्यांसारखा खाली उतरला. दिसायला इतकं सुंदर, पण ती शिशाची खूण होती.

गेरूची ओळख वेगळी. तो तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घातलं की गडद निळा रंग येतो. हिंगूळ विरघळवायला तर अम्लराजच लागतं.

आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आमच्या चार पिढ्या हेच लावत आल्या."

वहिनी म्हणाली, "आजी, मारुतीला तुम्ही खुशाल वाहा. तो काही बोट तोंडात घालत नाही. बाळाला घरी कुटलेल्या हळदीचं बोट लावूया."

आजी जरा वेळ गप्प राहिली, मग स्वतःच हळकुंडं काढायला उठली.

भीती उगाच नाही. रक्तातल्या शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा धोका सर्वांत जास्त. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सिंदूराचे ११८ नमुने तपासले होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, भारतातून घेतलेल्या नमुन्यांपैकी ७८ टक्क्यांत ग्रॅममागे किमान १ मायक्रोग्रॅम शिसं सापडलं.

तुम्ही घरी काय कराल? कुंकवावर लिंबू पिळून बघा. हळद-चुन्याचं असेल तर ते पिवळट होईल. नाही झालं म्हणून त्यात शिसं आहेच असं नाही, नुसता कृत्रिम रंगही असू शकतो. आणि पिवळं झालं तरी भेसळ नाहीच, अशी खात्री मिळत नाही. आम्लांचे प्रयोग प्रयोगशाळेतच होऊ द्या, पूड चाखून तर कधीच बघू नका. शेंदराला हात लागला की साबणाने धुवा. बाळाच्या पोटात गेल्याची शंका आली, तर रक्तातलं शिसं तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि आजच प्रत्येक डबीवर नाव लिहा. शेंदराची डबी वरच्या फळीवर, बाळाच्या हातापासून दूर ठेवा.