कंपनी वाचायला शीक

यवतमाळ

चि. छकुलीस,

तुझ्या आईकडून कळलं की तू लिंक्डइनवर खातं उघडलंस, बऱ्याच कंपन्या फॉलो केल्यास, आणि आता रोजचे अभिनंदनाचे संदेश पाहून कंटाळलीस. ‘यात आपल्यासारख्यांसाठी काही नाही,’ असं म्हणालीस म्हणे. फोनवर हे नीट बोलून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. सावकाश वाच.

आपल्या जिल्ह्यात कंपन्यांची खबर आजवर कुणाकडे असायची, हे आधी ध्यानात घे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमचा कारखाना आला, वणीकडे कोळशाच्या खाणी वाढल्या. पण आत कोणत्या खात्यात माणसं घेणार आहेत, हे ज्याचा काका-मामा आत असे त्यालाच वेळेवर कळायचं. बाकीच्यांच्या हाती एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड आणि पेपरातली जाहिरात. कापूस पिकवणाऱ्या घराची ओळख अडत्याशी, तलाठ्याशी, फार तर बँकेच्या मॅनेजरशी. पुण्याच्या कंपनीतला इंजिनिअर कुणाच्या ओळखीचा असणार? हुशार पोरंसुद्धा खबर न मिळाल्यामुळे मागे राहिली. म्हणून मला ही साइट महत्त्वाची वाटते. ज्याची कुणाशी ओळख नाही, त्यालाही तिथं कंपनीच्या आतलं थोडं दिसतं.

लिंक्डइन २००३ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. एवढी किंमत कशाची? कोट्यवधी माणसांनी आपण काय शिकलो, कुठे लागलो, किती वर्षं राहिलो, पुढे कुठे गेलो, हे तिथं आपल्या हाताने लिहून ठेवलं आहे. ती नोंद तुला फुकट वाचता येते. अभिनंदनाचे संदेश सोड आणि ही नोंद वाच.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना आहे. २०२२ मध्ये तिथं उत्पादन सुरू झालं, वर्षाची क्षमता ३९ लाख टन. हा कारखाना आरसीसीपीएल या कंपनीचा. ती पूर्वी रिलायन्सची सिमेंट कंपनी होती आणि २०१६ मध्ये कोलकात्याच्या बिर्ला कॉर्पोरेशनने ती घेतली. सिमेंटच्या पिशवीवर मात्र एम. पी. बिर्ला सिमेंट हे नाव असतं. म्हणजे कारखाना एक आणि नावं तीन. तू एकच नाव फॉलो केलंस तर बाकीच्या दोन नावांखालची खबर तुझ्यापर्यंत येणारच नाही. म्हणून कुठलीही कंपनी धरलीस की तिची मालक कंपनी कोण, बाजारात तिचा माल कोणत्या नावाने विकला जातो, हे आधी शोध आणि तिन्ही नावांवर लक्ष ठेव.

यानंतर कंपनी तीन ठिकाणी वाच. पहिलं तिचं स्वतःचं पान. तिथं ती जे सांगू इच्छिते तेवढंच सांगते: नवा प्रकल्प, पुरस्कार, वृक्षारोपण. खोटं असतं असं नाही, पण निवडून मांडलेलं असतं. दुसरं, तिथं काम करणाऱ्या माणसांची प्रोफाइल. तुझ्या पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग उघड. कोण कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत, कसल्या कामावर आहे, ते चाळून बघता येतं. तुझ्याच शाखेची मुलं पहिल्या नोकरीत काय करतात, दोन-तीन वर्षांनी कुठे जातात, हे पाहा. एखाद्या कंपनीतून सगळेच वर्षाच्या आत बाहेर पडत असतील, किंवा तीच जागा पुन्हा पुन्हा जाहिरातीत येत असेल, तर तिथं का टिकत नाहीत हे विचारल्याशिवाय अर्ज करू नकोस.

तिसरं ठिकाण साइटच्या बाहेरचं आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं: कायद्याने कंपनीला जे सांगावंच लागतं ते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत आणि वर्षाचा हिशेब ६० दिवसांत जाहीर करावा लागतो. बीएसई आणि एनएसईच्या साइटवर तो कुणालाही वाचता येतो. बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी व शाश्वततेचा एक अहवालही द्यावा लागतो. कायम कामगार किती, कंत्राटी किती, स्त्रिया किती, किती जण सोडून गेले, अपघात किती झाले, हे त्यात आकड्यांनी असतं. पानावरची पोस्ट वाचल्यावर हा अहवाल उघडत जा. नोकरी करायला जाणाऱ्या मुलीला स्त्रियांचा तो एक आकडा शंभर पोस्टपेक्षा जास्त सांगतो.

सगळ्याच कंपन्या शेअर बाजारात नसतात. लोहाऱ्याचा डेनिमचा उद्योग रेमंड आणि बेल्जियमची यूसीओ यांच्या २००६ मधल्या भागीदारीतून प्रायव्हेट लिमिटेड झाला. अशा कंपनीची प्राथमिक माहिती केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर मिळते. प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो. सुरुवातीला एल असेल तर ती शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. पुढे राज्य आणि स्थापनेचं साल त्याच क्रमांकात दिसतं. कापूस गाडीत भरण्याआधी आपण बाजारभाव विचारतो, तसा अर्जाआधी हा क्रमांक तपासायचा.

हे तपासणं फसवणुकीपासूनही वाचवतं. वणीकडच्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, आणि ती कोल इंडियाची उपकंपनी. तिथली खुली भरती अधिकृत जाहिरातीनेच होते. अभियंत्यांना कोल इंडियाने अलीकडे गेट परीक्षेच्या गुणांवर घेतलं आहे. तेव्हा ‘खाणीत लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या प्रोफाइलवर कितीही मोठं पद लिहिलेलं असो, त्याच्याशी बोलणं तिथंच थांबव. चांगली कंपनी मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपच्या अनामतीसाठी पैसे मागत नाही. कुणी मागितले तर देऊ नकोस. पैसे गेलेच, तर लाज न धरता लगेच १९३० वर फोन करायचा. आणि आधार, मार्कशीट, जातीचा दाखला, मोबाइल नंबर यांतलं काहीही प्रोफाइलवर टाकायचं नाही.

आता कामाचं. पन्नास कंपन्या फॉलो करून काही हाती लागत नाही. दहाच ठेव: काही विदर्भातल्या, काही पुण्याच्या, आणि एखादी अशी की जिथं पोचायचं स्वप्न आहे. आठवड्यातून एकदा बसून वाच आणि प्रत्येकीसाठी वहीत एक पान ठेव. कारखाना कुठे वाढतोय, कुठल्या खात्यात जागा निघताहेत, कोणतं सॉफ्टवेअर येणारा माणूस मागतात, हे तारखेसह लिही. चार-सहा महिन्यांनी ती पानं वाचलीस की काय शिकायला हवं हे तुझं तुलाच कळेल. मुलाखतीत ‘आमच्याबद्दल काय माहीत आहे?’ हा प्रश्न येतोच. तेव्हा पाठ केलेलं उत्तर देणारी आणि सहा महिने लक्ष ठेवलेली मुलगी, यांतला फरक समोरच्याला लगेच कळतो.

मग सीनियरला लिही. पहिल्याच ओळीत नोकरी मागू नकोस. ‘मी आपल्याच महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या खात्यात पहिल्या वर्षी कोणतं काम करावं लागतं?’ एवढंच विचार. इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. साधी, छोटी, चूक नसलेली वाक्यं पुरतात. ही साइट २०२४ पासून मराठीतही वापरता येते, सुरुवातीला तशी वापर. दहांतल्या आठांकडून उत्तर येणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. जे उत्तर देतील त्यांचे आभार मान, आणि त्यांनी सांगितलेलं केल्यावर ते त्यांना कळव.

शेवटचं मागणं. तू लागशील, याची मला खात्री आहे. लागलीस की आपल्या प्रोफाइलवर पुसदचं नाव स्पष्ट लिही, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कुण्या मुलीचा प्रश्न आला तर उत्तर दिल्याशिवाय राहू नकोस. पगार, पाळी, राहण्याची सोय, बायकांना मिळणारी वागणूक, जे असेल ते खरं सांग. आपल्या पोरींना यापुढे खबरीअभावी मागे राहावं लागू नये, आणि ते काम तुमच्याच पिढीने करायचं आहे.

तुझा,
मोठा मामा