चांगला करून द्या!

‘भाई, एवढा फोटो जरा चांगला करून द्या.’ स्टुडिओच्या पायरीवर पाऊल ठेवणारा प्रत्येक जण आम्हाला हेच सांगतो. पण ‘चांगला’ म्हणजे नेमके काय, हे कुणी सांगत नाही. ते ठरवण्यातच आम्हा दोघा भावांची उमर गेली.

स्टुडिओ अब्बांनी टाकला. त्यांच्यामागे तो आम्ही चालवला. रंगीत फोटो आले, डिजिटल आले, मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. आता लोक फोटो काढायला फारसे येत नाहीत. जुने फोटो घेऊन येतात. त्यांत लहान मुलांचे कृष्णधवल फोटो पुष्कळ. पिवळे पडलेले, वाळवीने कुरतडलेले, ट्रंकेच्या तळाशी चिकटलेले. आमच्या मोहल्ल्यात तसबीर काढणे गैर मानणारी बुजुर्ग मंडळी होती. त्यामुळे कित्येक घरांत मुलाचा फोटो असा एकच, तोही शाळेच्या दाखल्यासाठी काढलेला. दुसरा नाही, निगेटिव्ह नाही. अशा फोटोला हात लावताना छाती धडधडते.

अब्बा म्हणायचे, फोटो सुधारायचा तो काढतानाच सुधारा. मुलाचा फोटो उभ्याने काढला की डोके मोठे आणि पाय काडीसारखे दिसतात. म्हणून ते सरळ जमिनीवर मांडी घालून बसत. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर. खिडकीचा उजेड एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूला आमच्या अम्मीची धुतलेली पांढरी चादर, सावली मऊ करायला. बुबुळात खिडकीचा पांढरा ठिपका उमटला की मगच बटण दाबायचे. तो ठिपका नसेल तर हसरे मूलही विझलेले दिसते. १२० च्या रोलवर फोटो निघायचे बारा. फिल्म महाग. ‘हस, हस’ म्हणून मुलाला भंडावून सोडणे त्यांना आवडत नसे. ते वाट पाहत.

उरलेले काम अंधाऱ्या खोलीत. निगेटिव्ह फिकट असेल तर कडक ग्रेडचा ब्रोमाइड कागद, भडक असेल तर मऊ ग्रेडचा. चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असेल तर तारेला पुठ्ठ्याचा तुकडा लावून तेवढाच उजेड काही सेकंद अडवायचा. तुकडा सारखा हलवत ठेवायचा, नाहीतर कडा उमटते. अडवलेला भाग उजळ येतो. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की प्रिंटमध्ये तेवढी जागा गोरी होते. पात्याने खरवडले की काळी. म्हणजे रंग पालटण्याची किमया आमच्या हातात पहिल्यापासून होतीच, त्यासाठी संगणकाची गरज नव्हती.

आणि खरा झगडा इथेच होता. ‘पोरीचा फोटो आहे, थोडा उजळ करा’ ही मागणी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हिंदू घरांतून ऐकली, मुसलमान घरांतून ऐकली. यात जातधर्माचा फरक नाही. पाच-सहा वर्षांची पोर समोर स्टुलावर बसलेली असायची आणि तिच्यादेखत तिच्या रंगाचा सौदा चालायचा. अब्बा गिऱ्हाइकाशी भांडत नसत. पण पेन्सिलही उचलत नसत. ते मागचा पांढरा पडदा काढून करडा लावत. सावळा चेहरा पांढऱ्या पडद्यापुढे काजळीसारखा दिसतो; करड्यापुढे त्याच चेहऱ्याच्या सगळ्या छटा उठून येतात. झडप थोडी जास्त वेळ उघडी ठेवत. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर उजेडाची चमक येईल अशी मान वळवत. फोटो पाहून आईबाप खूश होत. पोर उजळ दिसे, पण रंग तिचाच असे. सावली उघडणे वेगळे आणि कातडी पालटणे वेगळे, एवढा भेद त्यांनी आम्हाला शिकवला.

संगणकावरही तोच भेद सांभाळावा लागतो. रंगीत फोटो कृष्णधवल करताना लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर हाताशी असतात. लाल थरात कातडी गुळगुळीत आणि फिकट दिसते, ओठही फिके पडतात. निळ्यात तीच कातडी गडद, खरबरीत. हिरवा थर डोळ्यांना दिसते त्याच्या सर्वांत जवळचा. आम्ही मुख्य वजन हिरव्याला देतो आणि लालाची थोडी जोड. सगळा लाल घेतला तर कुणाचेही मूल गोरेपान होते. म्हणूनच घेत नाही.

मध्यंतरी एक आपा आल्या. मुलगा विहिरीत बुडून गेला, त्याला चाळीस वर्षे झाली. फोटो एकच, पासपोर्ट आकाराचा, मधोमध चिरलेला. भाच्याने मोबाइलवरच्या नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तो ‘साफ’ करून घेतला होता. पापणीचा केस न् केस दिसत होता. आपा म्हणाल्या, ‘बाबा, हे लेकरू छान आहे, पण माझं नाही.’

त्यांचे खरेच होते. ज्या फोटोत डोळा राईएवढा आहे, त्यात पापण्या आहेतच कुठे? यंत्र त्या आपल्या मनाने घालते. लाखो इतर चेहरे पाहून ते जो अंदाज बांधते, तो कुणा एकाच्या मुलाचा नसतो.

आम्ही मूळ फोटो घेतला. स्कॅन करून त्याची प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवली. डाग काढले, चीर बुजवली. डाव्या भुवईत एक पांढरी रेघ होती. फोटोची चीर असेल तर ती चेहरा ओलांडून पडद्यावरही जाते आणि तिरप्या उजेडात कागद फुटलेला दिसतो. ही रेघ भुवईतच थांबत होती, कागद शाबूत होता. आम्ही आपांना विचारले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘ओट्यावरून पडला होता. मी विसरलेच होते.’ रेघ ठेवली. चेहरा थोडा धूसरच राहिला. तो फोटो त्यांनी ओढणीत गुंडाळून नेला.

डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकर्तीचे १९३६ सालचे ‘मायग्रंट मदर’ जगभर गाजले. कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा दिसत होता, तो तिने १९३९ साली निगेटिव्हवर पुसट करवला. त्यावरून वाद घालता येईल. पण त्या आईच्या कपाळावरच्या आठ्या कुणी पुसल्या नाहीत. त्या पुसल्या असत्या तर चित्रात उरले काय असते?

वाचकांना आमची एकच विनंती. घरात मुलांचे जुने फोटो असतील तर मूळ प्रत फेकू नका, नव्या प्रतीवर कितीही जीव जडला तरी. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव आणि साल लिहा. शाई पुढे उतरते. आणि चेहऱ्यावर एखादी खूण दिसली तर ती पुसायला सांगण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ती माणसे आहेत तोवरच हे विचारता येते.