कागदावरची चिमणी

३० सप्टेंबर. १९९३ च्या भूकंपात गेलेल्यांना सकाळी हात जोडले आणि अंगणवाडी उघडली. किल्लारीत हा दिवस जडच जातो. पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी भरायची, तर रेंज नाही. मी फोन घेऊन दारात, लेकरं आत वाट बघत.

मग चिमणीचं चित्र काढलं. चार वर्षांच्या एका पोरीनं कागदावर दोन बोटं टेकवली आणि फाकवली. चिमणी मोठी होईना. तिनं पुन्हा करून बघितलं, मग माझ्याकडं पाहिलं. पोटात कालवलं माझ्या.

मोबाइलशी माझं वैर नाही. पक्ष्यांचे आवाज मी त्यावरच ऐकवते, दोन मिनिटं, सगळ्यांना जवळ बसवून. पण दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसात तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. कित्येकांचा तो तास घरी सकाळीच सरतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालवाडी चालवली, ती आसपासच्या साध्या वस्तूंवर.

चित्र ठेवलं. अंगणात मूठभर ज्वारी टाकली. बऱ्याच वेळानं दोन चिमण्या उतरल्या. पोरगी श्वास रोखून बसली, बोटं मुठीत.

"ताई, ही मोठी कवा व्हती?"