ब्राउझरचा शिरस्ता

माझ्या आयुष्यात ब्राउझर आला तो चित्रांवाचून आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य जनतेसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, आणि त्यानंतरच्या काळात पुणतांब्याहून शिक्षणासाठी पुण्यास येऊन राहिलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जे स्वस्तातले खाते आले, त्यात केवळ अक्षरेच दिसत. लिंक्स या नावाचा, १९९२ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात जन्मास आलेला तो ब्राउझर काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी मांडीत जाई. बाणांच्या कळा दाबीत एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर उतरावयाचे, आणि जेथे चित्र असावयाचे तेथे चित्र आहे एवढा कंसातला इंग्रजी दाखला वाचून पुढे सरकावयाचे. ज्यांची ऐपत अधिक होती ते नेटस्केप वापरीत आणि रंगीत पाने पाहत. आमच्या पदरी अक्षरांची कोरडी शिधासामग्री पडली आहे याची त्या वयात मनस्वी खंत वाटे. आज, पुन्हा गावी येऊन स्थिरावल्यावर, माझ्या ब्राउझरची जी घडी मी स्वतःच्या हाताने बसविली आहे ती पाहू जाता, त्या लिंक्सपासून मी फारसा दूर गेलेलो नाही असे ध्यानी येते. फरक इतकाच की, त्या वेळी चित्रे परिस्थितीने वगळली होती. आता जे नको ते मी वगळतो.

हे वगळण्याचे काम यंत्रात शक्य आहे हे मला प्रथम कळले ते श्रीरामपुरात. आमचे पुणतांबे दौंड-मनमाड लोहमार्गावरचे; तेथून गाडीत बसावे आणि श्रीरामपूर शहरात असूनही बेलापूर हे नाव मिरविणाऱ्या स्थानकावर उतरावे, हा नित्याचा प्रघात होता. तेथल्या सायबर कॅफेत ताशी भाडे मोजावे लागे, दूरध्वनीच्या तारेवरून येणारे पान मुंगीच्या पावलांनी उतरे, आणि पानाच्या माथ्यावरील एखादी जाहिरात पुरती उमटेपर्यंत निम्मा वेळ सरून जाई. इंटरनेट एक्सप्लोररच्या पर्यायांत, 'प्रगत' म्हणून जो शेवटचा विभाग होता त्यात, चित्रे दाखवावीत की न दाखवावीत असा एक चौकोन होता. त्यातील खूण काढून टाकताच तीच तार, तेच यंत्र, आणि पाने मात्र झरझर येऊ लागली. भाड्याची बचत झाली हे खरेच. परंतु त्याहून मोठा लाभ असा की, ब्राउझर उघडताच जे समोर येते तो निसर्गनियम नसून कोणी एका अधिकाऱ्याने, कोठे तरी दूर बसून, कधीही न पाहिलेल्या असंख्य माणसांसाठी घालून दिलेला शिरस्ता आहे, आणि शिरस्त्यावर हरकत घेण्याची सोय त्याच दप्तरात ठेवलेली आहे, हे उमगले. बहुतेक जण ती हरकत जन्मात कधी घेत नाहीत. त्यांना दोष देववत नाही. ती सोय नेहमीच तीन दारांआड ठेवलेली असते.

मराठी वाचकाला मात्र त्या दारांआड जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. या शतकाच्या आरंभीची मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर आपापल्या स्वतंत्र टंकांत निघत, आणि तो टंक आपल्या यंत्रात नसला की अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक खच दिसे. पुढे युनिकोड आले. तरीही कित्येक पाने आपली ओळख चुकीची सांगत, आणि मग 'एन्कोडिंग' या सूचीत जाऊन यूटीएफ-८ हा पर्याय आपल्या हाताने निवडावा लागे. प्रश्नचिन्हांच्या रांगा मोडून तेथे एकाएकी देवनागरी अवतरे, त्या क्षणाचा आनंद आजच्या तरुणांना सांगून समजावयाचा नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाल्यावर त्यास जोडता येणारे 'पद्मा' नावाचे एक पूरक साधन मिळाले, जे अशा खाजगी टंकांतला मजकूर वाचकाच्या देखत युनिकोडमध्ये पालटून देई. वृत्तपत्राने आपली वहिवाट बदलावी म्हणून अर्जविनंत्या करीत न बसता वाचकाने आपल्या बाजूने तोड काढावी, ही त्यातली गोष्ट मला फार मोलाची वाटे.

आणि अक्षरांच्या या प्रकरणाचा शेवट अजून झालेला नाही. युनिकोडमुळे मराठी सर्वत्र दिसू लागली, पण पुष्कळ टंकांत ती हिंदीच्या वळणाचा 'ल' आणि 'श' घेऊन दिसू लागली. राज्यशासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही आपली वळणे प्रमाण ठरविली. परंतु शासननिर्णय ब्राउझरपर्यंत पोहोचत नाही. तेथे आपणच जावे लागते. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये टंकांच्या प्रगत विभागात प्रत्येक लिपीसाठी निराळी निवड करता येते. सूचीतून देवनागरी निवडावी, मराठी वळणाचा एखादा टंक (मी स्वतः 'तिरो देवनागरी मराठी' ठेवला आहे) नेमून द्यावा, आणि पानांना त्यांचे स्वतःचे टंक वापरू देण्याची जी मुभा तेथे पूर्वापार दिलेली असते ती काढून घ्यावी. काही पानांची सजावट यामुळे विस्कटते आणि चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन येतात, हे मान्य केले पाहिजे. मला ते चालते. त्याच ठिकाणी लघुतम अक्षराची मर्यादाही ठरविता येते. देवनागरीला डोक्यावर मात्रा आणि पायाशी उकार वागवावे लागत असल्याने, रोमन लिपीस जे माप पुरते ते तिला आखूड पडते. ही गोष्ट पंचविशीत मला पुस्तकी वाटली होती, पन्नाशीत ती नेत्रवैद्याच्या चिठ्ठीइतकी खरी ठरली.

आमच्या गावी गोदावरीच्या तीरी चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास बसलेल्या त्या महायोग्यास, वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून दंडवत लिहावा याचा निवाडा होईना, आणि त्याने कोराच कागद धाडला. त्याचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या, ही कथा आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. ब्राउझर उघडताच काय दिसावे या प्रश्नाचे उत्तर सेटिंग्जमध्ये कोरे पान असे देता येते, हे ज्या दिवशी मला आढळले त्या दिवशी या कथेची आठवण होणे क्रमप्राप्त होते. त्यापूर्वी ब्राउझर उघडला की बातम्या, हवामान, कोणा नटीचा विवाह आणि विकत घ्यावयाच्या वस्तू यांची दाटी समोर उभी राही, आणि ज्या कामासाठी तो उघडला ते काम त्या गर्दीत हरवून जाई. कोऱ्या पानाने कोणतेही ज्ञान दिले नाही. फक्त माझा प्रश्न मला आधी विचारू दिला.

१ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा एरवी रेल्वेच्या वेळापत्रकाबाहेर फारसे न दिसणारे आमच्या गावाचे नाव देशभरच्या पत्रांतून झळकू लागले. दूध रस्त्यावर ओतले जात होते, भाजीपाला बाजारात जात नव्हता, पहिल्या वाटाघाटीनंतर संप मिटला म्हणावे तर इतरत्र तो चालूच होता, आणि महिनाअखेरीस, २४ जूनला, ३४,०२२ कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा झाली. त्या काळात मी एकेका विषयाची वीस-वीस पाने एकाच वेळी उघडून बसे. पत्त्याच्या पट्टीच्या टोकाला असलेले वाचनदृश्याचे लहानसे चिन्ह दाबले की चलच्चित्रे, जाहिराती, 'हेही वाचा'च्या रांगा गळून पडत आणि लेख तेवढा उरे. तोच मजकूर असा उघडा केल्यावर बातमीदार खरोखर गावात येऊन गेला आहे की नाही, हे पहिल्या दोन परिच्छेदांत ओळखू येई. चुकून मिटलेले पान कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबून परत आणता येते, ही युक्ती त्या महिन्यात माझ्या बोटांत कायमची बसली.

पण खरी कामास आली ती रोजकीर्द. ब्राउझर आपण पाहिलेल्या प्रत्येक पानाची तारीखवार नोंद ठेवीत असतो, आणि लोक तिच्याकडे एक तर भयाने पाहतात किंवा मुळीच पाहत नाहीत. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत आधी गुणाकारातली चांदणी टंकून मग शब्द लिहिला तर तो केवळ वाचनखुणांत शोधतो, टक्क्याचे चिन्ह घातले तर केवळ उघड्या पानांत, आणि घातांकाचे टोकदार चिन्ह घातले तर केवळ या रोजकीर्दीत. क्रोममध्येही अलीकडे अशीच सोय निराळ्या खुणेने झाली आहे. मात्र क्रोम आपल्या यंत्रावरील नोंदी नव्वद दिवसांनंतर काढून टाकतो, तर फायरफॉक्स त्या वर्षानुवर्षे जपतो. त्यामुळे २०२२ साली गावात पुन्हा आंदोलनाची हालचाल सुरू झाली तेव्हा पाच वर्षांपूर्वी कोणत्या दिवशी मी काय वाचले होते, हे मला काढून पाहता आले. काही दुवे मेले होते, काहींचे मथळे मागाहून बदलले होते, परंतु माझ्या रोजकीर्दीत जुना मथळा तसाच होता.

गावात आता प्रत्येकाच्या हाती ब्राउझर आहे आणि त्याविषयीच्या तक्रारी अनेकदा माझ्या ओसरीवर येतात. जमिनीच्या उताऱ्याचे पान उघडत नाही म्हणून 'सर्व्हर बंद आहे' असे सांगत येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा सर्व्हर चालू असतो. उतारा निराळ्या खिडकीत उघडावयाचा असतो आणि ब्राउझर अशा खिडक्या दाबून ठेवतो, एवढेच. पत्त्याच्या डाव्या टोकाशी, जेथे पूर्वी कुलपाचे चिन्ह असे आणि क्रोममध्ये २०२३ पासून दोन सरकपट्ट्यांचे आहे, तेथे त्या एकाच स्थळापुरती परवानगी देता येते. खाजगी खिडकीविषयीचा गैरसमज मात्र हटत नाही: तीत पाहिलेले आपल्या यंत्रात राहत नाही इतकेच, सेवा पुरविणाऱ्या कंपनीस किंवा त्या संकेतस्थळास ते दिसावयाचे ते दिसतेच, असे सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. फायरफॉक्सच्या अगदी आतल्या खोलीत, पत्त्याच्या जागी 'अबाउट कॉन्फिग' असे टंकल्यावर, हजारो मूळ कलमे उघडी पडतात. पूर्वी त्या दारावर हमी रद्द होण्याची थट्टेखोर ताकीद असे आणि जपून वागण्याचे वचन देऊनच आत जावे लागे. तेथे मी कोणास नेत नाही. सूचनांचा बंदोबस्त करणे हेच मुख्य काम असते.

कारण बहुतेकांच्या दूरध्वनीवर दिवसभर जी टणटण चालते ती त्यांनीच केव्हातरी, समोरचा प्रश्न न वाचता, कोणत्याशा पानास दिलेल्या अनुज्ञेची असते. सेटिंग्जमधील त्या यादीत पंचवीस-तीस संकेतस्थळे सापडतात. नोकरीच्या जाहिराती, भविष्य, लॉटरी, क्रिकेट. एकेकाचे नाव वाचून, विचारून, मी ती काढून टाकतो. परवा आमचे एक कांदा उत्पादक दादा आले होते. यादी वाचून दाखवीत होतो आणि ते प्रत्येक नावावर 'काढा' म्हणत होते. बाजारभावाच्या एका संकेतस्थळापाशी येताच त्यांनी माझा हात धरला. रोज दहा वेळा वाजते आणि दहाही वेळा भाव पडल्याचेच सांगते, अशी तक्रार घेऊन ते आले होते ती याच संकेतस्थळाची. मी म्हणालो, "दादा, मग काढून टाकू?" तर म्हणाले, "नको, ते असू द्या. बाकीचं सगळं काढा."